तळघरात नेमबाजीसाठी स्वस्तातलं एअर पिस्तूल: कोणतं घ्यावं आणि त्यात काय सुधारावं?

केदार_कोलंबस

नमस्कार मंडळी. आम्ही कोलंबस, ओहायोला राहतो. थंडीत चार महिने बाहेर काही करता येत नाही, म्हणून तळघरात एअर पिस्तुलाने टार्गेट मारायचा विचार आहे. भिंतीपासून भिंतीपर्यंत २८ फूट जागा मिळते. मुलगी १२ वर्षांची आहे. पॅरिसला मनू भाकरला ब्राँझ मिळालेलं पाहिल्यापासून तिला याची फार ओढ लागली आहे.

सगळं मिळून बजेट १५० डॉलर. बीमन पी१७, क्रॉसमन १३७७ आणि खऱ्या पिस्तुलासारखं दिसणारं एखादं सीओटू ब्लोबॅक (गॅसच्या नळकांडीवर चालणारं, दर बाराला वरचा भाग मागे सरकणारं), असे तीन पर्याय डोक्यात आहेत. व्हिडिओंमध्ये लोक स्प्रिंग बदलतात, व्हॉल्व्ह बदलतात, वेग वाढवतात. त्यातलं खरंच काय करण्यासारखं आहे? आणि बायकोचा प्रश्न: छर्रे शिशाचे असतात, घरात चालतील का?

---

सांगलीची_नेमबाज

केदार, सीओटू ब्लोबॅकचा विचार सोडून द्या. ती बहुतेक स्टीलचे बीबी (बारीक गोल गोळ्या) मारतात, नळीला आतून आटे नसतात आणि २८ फुटांवर बीबी जाईल तिकडे जातो. शिवाय स्टीलचा बीबी कडक जागी आपटला की थेट तुमच्याकडे परत येतो. तळघरात मुलगी शेजारी उभी असताना हा धोका कशाला?

राहिली दोन. मी मिशिगनला तळघरात दोन्ही वापरते, आणि तुमच्यासाठी पी१७ सांगेन. वरचा भाग उघडायचा, छर्रा बसवायचा, परत मिटायचा. मिटतानाच हवा दाबली जाते. दर छर्ऱ्याला हवा एकदाच दाबायची, त्यामुळे दर वेळी दाब सारखा. वेग सेकंदाला ४०० फुटांच्या आसपास, म्हणजे जेमतेम तीन-साडेतीन जूल. कागदाला भोक पाडायला एवढं पुरतं. चाप तर या किमतीच्या मानाने फारच सुरेख आहे. मिटायला मात्र जोर लागतो. मुलीला सुरुवातीला जमणार नाही, तुम्ही मिटून द्या. मिटताना तोंड ट्रॅपकडेच (टार्गेटमागे छर्रे अडवणाऱ्या खोक्याकडे) हवं, आणि नळीच्या तोंडावर तळवा ठेवायचा नाही, बोटं फटीत जाऊ द्यायची नाहीत.

आता सुधारणा. वेग वाढवायच्या भानगडीत पडू नका. १० मीटरच्या टार्गेटवर १० चं वर्तुळ ११.५ मिलिमीटरचं असतं, आणि तिथे नेम चुकतो तो हातामुळे आणि चापामुळे. छर्रा जास्त जोरात गेला म्हणून काही भोक मध्यभागी सरकत नाही. पैसे छर्ऱ्यांवर घाला. चपट्या तोंडाचे, ज्यांना वॉडकटर म्हणतात ते घ्या: आरडब्ल्यूएस हॉबी, मायस्टरकुगेल्न, क्रॉसमनचे स्वस्तातले. दोन-तीन डबे वेगवेगळे आणा, पिस्तूल उशीवर टेकवून प्रत्येकाचा पाच-पाचचा ग्रुप (पाच भोकांचा पुंजका) मारा. एकाच पिस्तुलात एक डबा नाण्याएवढा ग्रुप देतो आणि दुसरा बशीएवढा. मग त्या पिस्तुलाला जो आवडला तोच वापरायचा.

दुसरी सुधारणा साइटची, म्हणजे नेम धरायच्या खुणांची. पी१७ ला लाल-हिरवे फायबरचे ठिपके असतात. तळघरातल्या उजेडात ते मंद दिसतात, आणि ठिपका जुळवायच्या नादात फोरसाइटची (पुढच्या खुणेची) कड दिसेनाशी होते. मॅट काळा रंग लावून ते झाकून टाका. मार्कर नको, तो चकाकतो. मग बॅकसाइटच्या (मागच्या खुणेच्या) खाचेत फोरसाइट, दोन्ही बाजूंना सारखा उजेड, वरच्या कडा एका रेषेत. आणि नजर फोरसाइटवर. टार्गेट धूसर दिसलं पाहिजे! मुलीला पहिल्या दिवसापासून हेच शिकवा, कारण टार्गेटकडे बघायची सवय एकदा लागली की मोडताना जीव जातो. नेम काळ्या गोलाच्या मध्यभागी धरायचा नाही, खाली पांढऱ्यात धरायचा, म्हणजे काळ्यावर काळं येत नाही. बॅकसाइटचे स्क्रू त्या हिशोबाने फिरवा.

२८ फूट म्हणजे साडेआठ मीटर. भिंतीशी चिकटून उभं राहता येत नाही आणि ट्रॅपलाही जागा लागते, तेव्हा आठ धरा. टार्गेट ८० टक्क्यांवर छापा. काळा गोल ५९.५ मिलिमीटरचा असतो, तो ४७.६ चा होईल आणि १० मीटरवरून दिसतो तेवढाच दिसेल. कागद जाड घ्या. पातळ कागद फाटतो आणि भोक कुठे पडलं तेच कळत नाही.

ट्रॅप घरीच करा. लाकडी खोका, आत इलेक्ट्रिशियन वापरतात त्या डक्ट सीलचा (मऊ, लांबीसारखा लगदा) दोन इंच थर. होम डेपोत विजेच्या सामानात त्याच्या विटा मिळतात. छर्रा पचकन आत रुततो, आवाजही नाही. अधूनमधून छर्रे उकरून काढायचे, नाहीतर शिशावर शिसं आपटून उलटं उडतं. मागे रुंद प्लायवूड लावा. चष्मा सगळ्यांना, बघणाऱ्यालाही. जिन्याचं दार ट्रॅपच्या बाजूला उघडत असेल तर नेमबाजी चालू असताना आतून कडी.

वहिनींचा प्रश्न अगदी रास्त आहे. शिसं घरात चालवायचं तर शिस्त हवी. खाली चहा-खाणं बंद. झाल्यावर साबणाने हात धुवायचे, मुलीने आधी. जमीन कोरडी झाडायची नाही, ओल्या फडक्याने पुसायची आणि फडकं टाकून द्यायचं. तळघरात फर्नेस (घर गरम करायची भट्टी) असेल तर त्याच्या हवा ओढणाऱ्या तोंडापासून ट्रॅप लांब ठेवा. शिसं नकोच असेल तर बिनशिशाचे छर्रेही मिळतात, पण ते महाग आणि हलके, आणि डक्ट सीलमध्ये नीट रुततात की उसळतात ते आधी मोठ्या माणसाने बघावं.

---

एडिसनकर

ताईंनी छानच लिहिलंय. फक्त वाचणाऱ्या न्यू जर्सीवाल्यांसाठी: आपल्याकडे एअर पिस्तूल कायद्याने बंदुकीतच मोजतात. विकत घ्यायला हँडगनचं परमिट लागतं, अगदी पन्नास डॉलरच्या खेळातल्या पिस्तुलालाही. पेनसिल्व्हेनियातून मित्राने आणून दिलं तरी तेच. न्यू यॉर्क शहरातही नियम कडक आहेत. केदार, ओहायोत राज्याचा जाच नसला तरी गावाचा नियम बघून घ्या, काही ठिकाणी हद्दीत एअरगन उडवायला बंदी असते.

आणि कृपा करून ते अंगणात, गॅरेजच्या दारात किंवा खिडकीशी हातात घेऊन उभे राहू नका. पी१७ लांबून खरंच वाटतं. शेजाऱ्याने पोलिसांना फोन केला तर येणाऱ्याला ते छर्ऱ्याचं आहे हे कळायला मार्ग नाही. खोक्यात ठेवून तळघरात न्यायचं, खोक्यात घालून कुलपात ठेवायचं.

---

केदार_कोलंबस

सगळ्यांचे मनापासून आभार. बायकोने शिशाबद्दलचा परिच्छेद दोनदा वाचला आणि होकार दिला! ताई, तुमच्याकडे १३७७ पण आहे म्हणालात. त्याला स्टीलची ब्रीच (नळीच्या मागचा, छर्रा बसवायचा भाग) बसवतात ती कशासाठी? आणि पी१७ ची हवा गळते असं बऱ्याच ठिकाणी वाचलं.

---

सांगलीची_नेमबाज

गळती होते, खरं आहे. पिस्टनवरची ओ-रिंग (रबरी कडी) हा पी१७ चा कमकुवत भाग. ओळखायचं कसं: मिटल्याबरोबर एक छर्रा मारा, मग पुन्हा मिटून, तोंड ट्रॅपकडे धरून दोन मिनिटं थांबा आणि मारा. दुसरा फुसका निघाला तर हवा जातेय. नव्यात असं झालं तर दुकानदाराला परत करा, उघडत बसू नका. जुन्यात ओ-रिंग बदलणं घरच्या घरी होतं. पिना काढताना कोणती कुठली होती त्याचे फोटो काढून ठेवा. तेल सिलिकॉनचं, एकच थेंब. शिलाई मशिनचं तेल नाही.

१३७७ हे १९७७ पासून चालत आलेलं मॉडेल आहे आणि हात चालवायची आवड असेल तर त्याच्यासारखं दुसरं नाही. ३ ते १० पंप मारता येतात, आपल्या अंतराला ३-४ पुरतात. मूळ ब्रीच प्लास्टिकची, छर्रा बसवायची खाच अरुंद, बॅकसाइट डुगडुगते. स्टीलची ब्रीच घातली की नळी घट्ट बसते आणि वर रेड डॉट (लाल ठिपक्याची साइट) लावायला डोव्हटेल, म्हणजे खाचेची पट्टी, मिळते. पण ब्रीच आणि रेड डॉट मिळून मूळ पिस्तुलाएवढा खर्च होतो, म्हणून तुमच्या बजेटला ते सुचवलं नाही. करणार असाल तर टेबलावर पांढरा टॉवेल अंथरा. ब्रीच उचलली की नळी आणि व्हॉल्व्हच्या मधली सील निघते, डाळीच्या दाण्याएवढी, आणि गडद फरशीवर पडली की सापडत नाही.

त्याचा एक मोठा फायदा सांगते. पंप न मारता बोल्ट ओढला की चाप दाबून रिकामा सराव करता येतो. छर्रा नाही, हवा नाही, समोर कोरी भिंत. (छर्रा नाही हे दर वेळी डोळ्यांनी बघून.) चाप सुटताना फोरसाइट हलली की लगेच दिसतं. एनसीसीत आम्हाला गोळी हातात देण्याआधी असाच सराव करून घ्यायचे.

चापाचा सिअर (चाप दाबेपर्यंत आतली हातोडी अडवून धरणारा तुकडा) घासून हलका करू नका, व्हिडिओत कितीही सोपं दिसलं तरी. जास्त घासला गेला तर धक्क्याने आपोआप सुटतो. स्पर्धेच्या पिस्तुलालाही चाप किमान ५०० ग्रॅमचा असावा लागतो, केसासारखा हलका चाप तिथेही चालत नाही.

---

पुणे_१०मीटर

भारतातून वाचणाऱ्यांसाठी थोडं. आपल्याकडे ०.१७७ बोअर (नळीचा आतला व्यास, इंचात) आणि २० जूलपर्यंतच्या एअर पिस्तुलाला परवाना लागत नाही. दुकानदार वयाचा आणि ओळखीचा पुरावा मागतो, द्या. अमेरिकेतून येताना भाच्यासाठी बॅगेत घालून आणायचा विचार मात्र करू नका, कस्टम्समध्ये अडकेल. मूल खरंच उत्साही असेल तर आधी क्लबच्या पिस्तुलावर शिकू द्या. पुण्यात बालेवाडीला रेंज आहे. स्टायर, मोरिनीसारखी पिस्तुलं लाखाच्या पुढची असतात, ती हातात कशी बसतात हे पाहिल्याशिवाय घरी काही घेऊ नये असं माझं मत.

सांगलीच्या ताई, मुठीबद्दल लिहिलं नाहीत. लहान हाताला पी१७ ची मूठ जाड नाही का पडत?

---

सांगलीची_नेमबाज

पडते. मुलीचं बोट चापावर पहिल्या पेराच्या मध्यापर्यंत सरळ पोहोचतं का ते बघा. मूठ फिरवून धरल्याशिवाय पोहोचत नसेल तर सध्या दोन्ही हातांनी धरू द्या, किंवा मनगट टेबलावर उशीवर टेकवून. एका हाताने धरायची घाई नको, पिस्तूल तिच्या मनगटाला जडच जाणार. मूठ तासू नका, प्लास्टिक आतून पोकळ असतं. पोकळी राहते तिथे इपॉक्सी पुटी लावून, वर पातळ प्लास्टिक धरून तिला मूठ आवळायला लावा आणि वाळू द्या. तिच्या हाताचा ठसा उमटतो आणि दर वेळी पकड त्याच जागी येते. वर्षभरात हात वाढला की खरवडून परत लावायची.