२०० किमी ब्रेव्हेची तयारी : आधी बसायची जागा बधिर, आता करंगळी. हातमोजे कोणते घेऊ?

रविवारची_रपेट :
नमस्कार मंडळी. वय ४६, पुणे, सरळ हँडलची हायब्रिड सायकल. दोन महिन्यांनी पहिली २०० किमीची ब्रेव्हे (ठरलेल्या वेळात पुरी करायची लांब पल्ल्याची सायकलफेरी) आहे, मुदत साडेतेरा तासांची. सरावाला पुणे-पाचगणी केलं. पसरणी घाट सायकलवरून न उतरता चढलो, पायांची तक्रार नाही. पण वाई यायच्या आतच मांड्यांमधला भाग बधिर झाला होता. घरी येऊन सीटवर जेलचं कव्हर चढवलं, सीटचं नाक (पुढचं टोक) खाली केलं. पुढच्या रविवारी लोणावळ्याला बसायचा त्रास कमी वाटला, पण करंगळी आणि शेजारचं बोट इतकं बधिर की संध्याकाळी शर्टाची बटणं लावता येईनात. जाड जेलचे हातमोजे सुचवा.

दोनचाकी :
दादा, हातमोजे नंतर. हातांचं दुखणं सीटपासून सुरू झालंय. नाक खाली केलंत, म्हणून तुम्ही सतत पुढे घसरता आणि हँडल रेटून स्वतःला मागे धरता. तो सगळा भार तळव्याच्या करंगळीकडच्या कडेवर येतो. तिथूनच अल्नार नस जाते, म्हणून नेमकी तीच दोन बोटं. अंगठा-तर्जनी बधिर असती तर मी मनगटाच्या मधल्या नसेबद्दल बोललो असतो.

कव्हर आजच काढा. मऊ जेलमध्ये बसायची हाडं रुततात आणि मधला फुगवटा नाजूक भागावरच दाबतो. सीट बुडबुड्याच्या पट्टीने (गवंड्याच्या स्पिरिट लेव्हलने) सपाट करा. मग उंची बघा : टाच पेडलवर ठेवून पेडल खाली नेलं की पाय जेमतेम सरळ व्हावा. सीट जास्त उंच असली की कंबर डावी-उजवी हलते आणि घासतं. एका वेळी एकच बदल करा, आधीच्या जागेवर चिकटपट्टीची खूण ठेवा. नाहीतर कशाने फरक पडला ते कळत नाही.

घाटवाट :
दोनचाकींशी सहमत. मी एक बाई म्हणून भर घालते : सीटची रुंदी मोजल्याशिवाय नवी सीट घेऊ नका. नालीदार पुठ्ठा कडक पायरीवर ठेवून त्यावर बसा, जरा पुढे झुका. दोन खड्डे उमटतात, त्यांच्या मध्यांमधलं अंतर मोजा. सीट त्याहून दोनेक सेंमी रुंद हवी. मी अरुंद सीटवर अख्खा हिवाळा काढला, सरावाने अंगवळणी पडेल या समजुतीने. पडत नाही. आणि पॅडच्या शॉर्ट्सच्या आत अंतर्वस्त्र घालायचं नाही, शिवण घासते. सुरुवातीला हे कुणीच सांगत नाही.

रविवारची_रपेट :
ताई, मी घालत होतो! घासण्याचं कारण कळलं. सरळ हँडलवर हाताची जागा कशी बदलायची?

दोनचाकी :
हँडलच्या टोकांना बार-एंड (पुढे आलेल्या छोट्या दांड्या) लावा, दुसरी पकड मिळते. मनगट मागे मोडू देऊ नका, कोपर किंचित वाकलेलं ठेवा. दर दहा-पंधरा मिनिटांनी सीटवरून उठून वीसेक पेडल मारा, बधिर व्हायची वाट बघू नका. टायर दगडासारखे फुगवत असाल तर हवा थोडी कमी करा. आणि एक गोष्ट कळकळीने : बधिरपणा दुसऱ्या दिवशीही राहिला, बोटांची ताकद कमी वाटली किंवा लघवीला त्रास झाला तर सायकल बंद ठेवून डॉक्टर गाठा. नस फार काळ दाबली गेली तर भरून यायला महिने लागतात.

रविवारची_रपेट :
तीन आठवड्यांनी लिहितोय. कव्हर काढलं, सीट सपाट केली, ती दीड सेंमी उंच निघाली. काल ८० किमी झाले, बोटं ठीक. मधला भाग साठ किमीनंतर थोडा जड झाला, उठलो की मोकळा. पुठ्ठ्यावर १३ सेंमी आले, म्हणजे माझी सीट अरुंदच. मधे खाच असलेली १५ ची बघतोय. कुणाकडे असेल तर एक रविवार वापरून बघायला द्याल का? कोथरूडहून न्यायला येईन.

घाटवाट :
माझ्याकडे पडून आहे. शनिवारी घेऊन जा.