'टिप' या अर्थी मराठी शब्द : बक्षीस, पोस्त की आणखी काही?

अजिंक्यतारा :
साताऱ्यातील ज्येष्ठ नागरिकांच्या एका गटासाठी परदेशप्रवासाची माहितीपुस्तिका मी इंग्रजीतून मराठीत आणत आहे. व्हिसा, विमा, औषधे ही प्रकरणे फारशी आडवी आली नाहीत. परंतु टिप देण्याच्या रीतीभातींवरील दीड पानाशी मी तीन दिवस अडून बसलो आहे. पहिल्या खर्ड्यात मी सरळ 'बक्षीस' लिहिले होते. तो वाचून गटातील एका निवृत्त शिक्षिकांनी विचारले, "जपानमध्ये बक्षीस देऊ नये, म्हणजे कोणत्या स्पर्धेचे?" त्यांच्या पन्नास वर्षांच्या शाळेत बक्षीस म्हणजे बक्षीससमारंभातले. आमच्या घरी मात्र हॉटेलातल्या पोऱ्याला बिलाखेरीज जे द्यायचे त्याला वडील बक्षीसच म्हणत, दुसरा शब्द मी त्यांच्या तोंडून ऐकला नाही. माझी अडचण एका वाक्याची आहे : जपानमध्ये अशी रक्कम देण्याची पद्धत नाही आणि दिलीच तर ती नम्रपणे परत केली जाऊ शकते, अमेरिकेत मात्र ती न दिल्यास वाढणाऱ्याचा अपमान होतो. दोन्हीकडे चालेल असा एक शब्द हवा आहे.

कृष्णाकाठ :
बक्षीस हाच शब्द ठेवावा. स्पर्धेत मिळते ते पारितोषिक; ते दोन अर्थ शाळांनी एकत्र केले म्हणून मूळ अर्थाने आपला हक्क का सोडावा? मी सांगलीत दस्तलेखनाचे काम करतो. बाप लेकीच्या नावे घर करून देतो तेव्हा आजही 'बक्षीसपत्र'च लिहिले जाते, आणि तिथे कोणी स्पर्धा कोणती असे विचारत नाही. १८८२च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यात दानाची व्याख्याच अशी आहे की ते स्वखुशीने आणि मोबदला न घेता दिलेले असावे. टिपेचे मर्म नेमके तेच आहे.

मिरज जंक्शन :
आमच्या आजोळी, अथणीकडे, कानडीत याला 'भक्षीसु' म्हणतात. 'भ' स्पष्ट ऐकू येतो. माझे फार दिवसांचे मत आहे की हा शब्द संस्कृत 'भक्ष्' धातूवरून आला असावा, म्हणजे खाण्यासाठी दिलेले. मराठीने 'भ'चा 'ब' केला आणि लोक त्याला फारसी समजू लागले.

मोडीवाचक :
मिरज जंक्शन यांचे मत मला मान्य करता येत नाही, पण ते पूर्णपणे टाकूनही देता येत नाही, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. मराठीत शब्द फारसी 'बख्शिश'वरून आला. 'बख्शीदन' म्हणजे देणे, आणि माफ करणेही. तोच शब्द तुर्कस्तानात 'बाहशिश' झाला आणि इजिप्तमध्ये 'बक्शीश'. कैरोत मशिदीच्या दारात पादत्राणे सांभाळणाऱ्याने तो शब्द उच्चारला तेव्हा आमच्या बरोबरच्या कराडच्या आजी चमकून म्हणाल्या, "अगं बाई, ह्याला मराठी येतंय!" कानडीतला 'भ' मागाहून चिकटलेला आहे. मात्र फारसीतल्या त्या धातूचे संस्कृतातले भावंड 'भज्' आहे, ज्याचा जुना अर्थ वाटणे, वाटा देणे असा होतो. 'भाग' त्यातूनच निघाला आणि 'भक्ष्'ही त्याच घरातला. म्हणजे बक्षीस संस्कृतातून आले नाही, पण परकेही नाही. मला त्यातला 'वाटा' हा अर्थ फार मोलाचा वाटतो.

हळदपेठ :
वाटा म्हणालात ते योग्य आहे आणि म्हणूनच कृष्णाकाठ यांचे 'मोबदला न घेता दिलेले' अमेरिकेला लागू पडत नाही. मुलाकडे गेलो असताना जेवणाचे बिल चाळीस डॉलर झाले आणि मी मोठ्या मनाने दोन डॉलर टेबलावर ठेवले. मुलगा काही न बोलता परत आत गेला आणि आणखी सहा ठेवून आला. बाहेर आल्यावर त्याने सांगितले की तिथल्या केंद्रीय कायद्यानुसार टिप मिळणाऱ्या कामगाराला मालकाने तासाला किमान २.१३ डॉलर रोख दिले तरी चालते, आणि हा आकडा १९९१पासून बदललेला नाही. ७.२५ डॉलरच्या किमान वेतनापर्यंतची उरलेली रक्कम गिऱ्हाइकांच्या टिपेतून भरून निघावी असे गृहीत धरलेले असते. सगळ्याच राज्यांत असे नाही. कॅलिफोर्नियात पूर्ण किमान वेतन मालकालाच द्यावे लागते. पण पंधरा ते वीस टक्क्यांची रीत तिथेही आहेच. मी चाळीस वर्षे सांगलीच्या मार्केट यार्डात काढली. आमच्या पट्टीत, म्हणजे मालविक्रीच्या हिशेबात, हमाली आणि तोलाई वेगळी दाखवतात, ती हमाल-तोलारांची कमाई असते, तिला बक्षीस म्हटले तर ते दुखावतील. जे दिले नाही तर समोरच्याचा रोज बुडतो त्याला बक्षीस म्हणू नये, असे मला मनापासून वाटते.

अजिंक्यतारा :
हळदपेठ, आपण माझी अडचण माझ्यापेक्षा नीट मांडलीत. मग अमेरिकेसाठी एक शब्द आणि जपानसाठी दुसरा, असे करावे काय? फ्रान्समध्ये तर सेवेचा आकार पदार्थाच्या छापील किमतीतच धरलेला असतो. तरीही लोक वर थोडी नाणी ठेवतात. तिथे तिसरा शब्द लागेल.

संगम माहुली :
'पोस्त' हा शब्द कोणालाच कसा आठवला नाही? दिवाळीची पोस्त. आमच्या आईने डबीत नोटा मोजून ठेवलेल्या असत. पोस्टमन, धोबी, दूधवाला, सर्वांची पोस्त ठरलेली. पोस्टमनला देतात ती पोस्त, अशी या शब्दाची उत्पत्ती वडील सांगत.

मोडीवाचक :
पोस्टमनची उत्पत्ती मला पटत नाही. धोब्याला आणि गुरख्याला दिलेलीही पोस्तच असते. शिवाय पोस्त सणाची असते आणि वर्षभराच्या ओळखीतून दिली जाते. प्रवासी ज्याला पुन्हा कधी भेटणार नाही, त्याला पोस्त कशी देणार?

वाईकर :
'चहापाणी' घ्यावे. जर्मन लोक याला 'ट्रिंकगेल्ड' म्हणतात, म्हणजे पिण्याचे पैसे. फ्रेंचांचे 'पूरब्वार' म्हणजे पिण्यासाठी. रशियन शब्द तर थेट चहावरून आला आहे. जगातल्या इतक्या भाषांना जे सुचले ते आपल्याकडेही तयार आहे. "चहापाण्याला ठेवा" हे वाक्य कोणत्याही मराठी माणसाला समजते.

कृष्णाकाठ :
समजते, पण काय समजते हे पाहावे. एका कार्यालयात उताऱ्यासाठी माझ्याकडे चहापाणी मागितले गेले होते, आणि मी ते दिले नाही म्हणून दोन महिने खेटे घातले. 'चहापाणी' आणि 'चिरीमिरी' हे शब्द आता मळलेले आहेत. ज्येष्ठांच्या हातात पडणाऱ्या पुस्तिकेत ते येऊ नयेत. कामाआधी अडवून घेतात ती लाच आणि कामानंतर आपण होऊन देतो ते बक्षीस, हा भेद भाषेने जपलाच पाहिजे.

अजिंक्यतारा :
हा भेदही जपानमध्ये टिकत नाही. तिथल्या जुन्या पद्धतीच्या 'र्योकान' या निवासात 'कोकोरोझुके' नावाची एक रीत आहे. खोलीची व्यवस्था पाहणाऱ्या बाईंना पाहुणा मुक्कामाच्या आरंभीच थोडी रक्कम देतो. ती उघडी न देता पाकिटात किंवा कागदात गुंडाळून देतात. शब्दातल्या 'कोकोरो'चा अर्थ मन. ही रीत सक्तीची नाही आणि तिला लाचही म्हणता येत नाही.

पलूसची लेक :
मग तो आहेर झाला. पाकिटात घालून, दोन्ही हातांनी, घेणाऱ्याचा मान राखून देतो त्याला आपण आहेर म्हणतो. मला वाटते आपण सर्व नामाच्या मागे लागलो आहोत. मराठीत हा सगळा फरक क्रियापद सांगते. हमालाच्या हातावर पैसे 'ठेवतात', ज्याला कटवायचे त्याच्या हातावर 'टेकवतात', कीर्तनकाराला बिदागी 'देतात', देवापुढे दक्षिणा 'ठेवतात', आणि तमाशाच्या फडात दौलतजादा 'करतात'. माझे आजोबा पठ्ठे बापूरावांच्या रेठरे हरणाक्षच्या शेजारच्या गावचे. ते म्हणत की दौलतजादा करताना रुपया फेकणारा आणि हातात देणारा अशी माणसांची दोन कुळे असतात. पुस्तिकेत नाव कोणतेही घाला, पण 'टेकवू नका, हातावर ठेवा' हे वाक्य अवश्य घाला.

वाईकर :
जर्मनीत टेबलावर ठेवून निघून जाणेही रूढ नाही. पैसे चुकते करतानाच वाढवलेली रक्कम तोंडाने सांगतात. बिल अठरा युरो असेल तर "वीस घ्या" म्हणतात. म्हणजे तिथे क्रियापद 'सांगणे'.

खानापूर घाटमाथा :
चर्चा आज वाचली. आमचे घराणे गलाईच्या, म्हणजे सोने-चांदी गाळण्याच्या, धंद्यानिमित्त दोन पिढ्या तमिळ मुलुखात आहे. तिकडे 'इनाम' हा शब्द फुकट मिळालेल्या वस्तूलाही लावतात. मराठीत इनाम म्हटले की जमीन डोळ्यापुढे येते, म्हणून तो चालणार नाही हे ठाऊक आहे; केवळ नोंद करून ठेवतो.

कृष्णाकाठ :
एक विनंती. सर्वांनी 'टिप' ऱ्हस्व लिहिले आहे. शब्द मराठीत रुळला असे मानत असाल तर अकारान्त शब्दाचा उपान्त्य इकार दीर्घ हवा : टीप, आणि सामान्यरूपात टिपेला.

संगम माहुली :
दीर्घ लिहिले तर ती तळटीप होईल, किंवा शिवणयंत्रावरची. 'टिपेला' म्हटले की मला गाण्यातला वरचा सूर ऐकू येतो. आलेला शब्द ऱ्हस्व ठेवला तरच तो वेगळा ओळखू येतो.

मोडीवाचक :
मग 'टिपला' असे सामान्यरूप करणार काय? 'त्याने दाणा टिपला' यापासून ते वेगळे कसे राखायचे?

अजिंक्यतारा :
पुस्तिका सोमवारी छापखान्यात जायची आहे. तूर्त अमेरिकेच्या परिच्छेदात 'टिप' आणि इजिप्त-तुर्कस्तानच्या परिच्छेदात 'बक्षीस' लिहिले आहे. जपानचे वाक्य "बिलाखेरीज काही देऊ नये" असे नामाशिवायच केले आहे. शिक्षिकाबाईंना ते अपुरे वाटते. 'आहेर' कोणी दुसऱ्यांनीही या अर्थी ऐकला आहे काय?

हळदपेठ :
आहेर परत फेडावा लागतो. तो शब्द घालू नका.

पलूसची लेक :
लग्नातला फेडावा लागतो. बारशाला सुईणीला जे लुगडे देत त्यालाही आमच्याकडे आहेरच म्हणत, आणि ते कोणी फेडले नाही.