प्रतिसाद: फ्री मेमरी कमी दिसली म्हणून रॅम घेऊ नका

एकांनी पोस्टमध्ये लिहिलंय की लिनक्सवर फ्री मेमरी जेमतेम २०० एमबी दिसते म्हणून नवीन रॅम टाकणार. अहो थांबा जरा! मेमरीचा हिशोब दाखवणाऱ्या 'फ्री' कमांडमध्ये फ्रीचा कॉलम नाही, अव्हेलेबलचा, म्हणजे प्रोग्रामना मिळू शकेल तितक्या मेमरीचा बघा. रिकामी रॅम नुसती पडून राहू नये म्हणून कर्नल (लिनक्सचा गाभा) त्यात डिस्कवरच्या फाइल्स कॅश करून, म्हणजे तात्पुरती प्रत करून ठेवतो आणि गरज पडली की त्यातली बरीचशी लगेच सोडतो. हा अव्हेलेबलचा अंदाज कर्नल स्वतः २०१४ पासून, म्हणजे ३.१४ व्हर्जनपासून देतोय, तरी लोक अजून जुन्याच आकड्याला घाबरतात.

दुसरं म्हणजे 'टॉप' कमांडमधल्या प्रत्येक प्रोसेसच्या (चालू प्रोग्रामच्या) आरएसएसची, म्हणजे त्याने व्यापलेल्या रॅमची, बेरीज करू नका, शेअर्ड लायब्ररीची (अनेक प्रोग्राम मिळून वापरतात त्या कोडची) तीच पानं, म्हणजे मेमरीचे तुकडे, प्रत्येकाच्या खात्यात पूर्ण धरली जातात, त्यामुळे क्रोमसारख्या प्रोग्रामची बेरीज भलतीच फुगते. त्यासाठी पीएसएस हा दुसरा आकडा बघायचा, त्यात सामायिक पानं वापरणाऱ्यांमध्ये वाटून धरतात. 'एसमेम' नावाचं टूल हे सरळ दाखवतं.

ग्राफिक्स कार्डाची स्वतःची मेमरी, म्हणजे व्हीरॅम मात्र यातल्या कशातच येत नाही, एनव्हिडिया असेल तर 'एनव्हिडिया-एसएमआय' चालवा. आणि ईसीसी (चुका स्वतः दुरुस्त करणाऱ्या) रॅमवाला सर्व्हर असेल तर लिनक्सचा ईडॅक ड्रायव्हर दुरुस्त झालेल्या एररचा आकडा ठेवतो, तो वाढत असेल तर ती रॅमची स्टिक वेळीच बदला, हे खरंच कळकळीने सांगतोय.

रॅम खरंच कमी पडतेय का ते /proc/pressure/memory या फाइलमध्ये कळेल, ४.२० कर्नलपासून आहे. तिथले सरासरीचे (avg) आकडे, म्हणजे मेमरीसाठी प्रोग्राम किती वेळ अडकले ते, सतत शून्याच्या आसपास असतील तर पैसे वाचवा.