'कार्यशाळेतील प्रत' म्हणावं का?

ओसरी: व्हेनिसच्या अठराव्या शतकातल्या नगरचित्रांवरचा लेख मराठीत आणते आहे. चित्रकार कानालेत्तोच्या चित्रांखाली 'स्टुडिओ', 'फॉलोअर', 'आफ्टर' अशा तीन वेगळ्या नोंदी येतात. पहिलीला मी 'कार्यशाळेतील प्रत' लिहिलं. संपादकांच्या मते वाचकांना ते दोन दिवसांचं शिबिर वाटेल. त्याच्या देखरेखीखाली हाताखालच्यांनी रंगवलेलं, हे कसं सांगावं?

मोडीवाचक: 'कारखाना' लिहा. शिवकाळात अठरा कारखाने होते, यंत्रांचा अर्थ नंतर चिकटला. आणि 'प्रत'पेक्षा 'नक्कल' नेमका. सातबाऱ्याची नक्कल खोटी असते का? हिणकस छटा बहुरूप्यांच्या नकलांमुळे आली, असं माझं मत.

सरळरेघ: कचेरीबाहेर 'नक्कल' म्हणजे लबाडीच. विसेन्तिनीने 1735 साली कानालेत्तोच्या चित्रांवरून 14 छाप कोरले, तेही उघडपणे, विक्रीसाठी. असे छाप समोर असले की व्हेनिसला न गेलेल्यालाही तिथला मोठा कालवा रंगवता येई. या चित्रांना नुसतं 'कानालेत्तोवरून' म्हणा. मराठीत तसंच बोलतात.

ओसरी: 'आफ्टर'साठी 'वरून' घेतला. पण बेलोत्तोचं काय? तो कानालेत्तोचा भाचा. मामाच्या हाताखाली शिकला, 1738 मध्ये व्हेनिसच्या चित्रकार-संघात गेला, आणि पुढे ड्रेस्डेन नि वॉर्सात कानालेत्तो हेच नाव लावत राहिला. मूळ लेखात त्याला 'अनुकारक' म्हटलंय, ते लिहायला हात धजत नाही. महायुद्धात जमीनदोस्त झालेलं जुनं वॉर्सा पुन्हा बांधताना त्याच्या चित्रांचा आधार घेतला होता!

शुद्धमती: अनुकारक मुळीच नव्हे. त्याचा थंड, रुपेरी उजेड मामाकडे नाही. 'कानालेत्तो घराण्याचा' लिहा.

सरळरेघ: घराण्याला निदान तीन पिढ्या लागतात. सरळ 'स्टुडिओ' ठेवा, सगळ्यांना कळतो.

शुद्धमती: स्टुडिओ म्हटलं की पासपोर्टचे फोटो आठवतात. मराठीत शब्द असताना उसना कशाला?

तांबडीमाती: शब्द आहे, आणि रोजच्या वापरातला. आमच्याकडे सिंधुदुर्गात गणपती घडतो ती 'चित्रशाळा'. माती मळणं, अंगाचा रंग ही कामं पोरं करतात, डोळे मात्र मुख्य मूर्तिकारच आखतो. मूर्ती कुणाची विचारलं तर नाव त्या शाळेचंच सांगतात. ओसरीताई, तुम्हाला हवा तो अर्थ यात पुरता आहे.

मोडीवाचक: पुण्यात चित्रशाळा म्हणजे 1878 चा चिपळूणकरांचा छापखाना. आणि पेणला गणपतीचे कारखानेच म्हणतात, म्हणजे माझा शब्द टिकला.

तांबडीमाती: पेणहून गाड्या भरून मूर्ती बाहेर जातात, तिथे कारखाना शोभतो. गोव्यातही चित्रशाळाच म्हणतात.

ओसरी: 'फॉलोअर' अजून बाकी आहे. 'अनुयायी' म्हटलं तर पंथाचा वाटतो.

पेणकर: मूर्ती बाहेर जातात म्हणून हात कमी लागत नाही. आणि डोळ्यांच्या कामाला आमच्याकडे 'रेखणी' म्हणतात, 'आखणी' नव्हे. आखणी जमिनीची करतात.