लेकीच्या बेसमेंटमध्ये भिंतीला चादरी टांगल्या, मागं बुरशी धरली. आता काय लावावं?

सोलापूरचा_जॉबर

नमस्कार मंडळी. मी सोलापूरचा, पूर्व भागातला. एकतीस वर्षं यंत्रमागावर जॉबर म्हणून काढली, आता घरीच असतो. बांधकामातलं मला फारसं कळत नाही, तेव्हा जरा समजेल असं लिहा.

लेक-जावई कॅनडात, विनिपेगला असतात. तिथं त्यांनी जुनं घर घेतलंय, १९६० च्या सुमाराचं. वर सगळं लाकडाचं, खाली बेसमेंट. बेसमेंटच्या भिंती आठ इंची काँक्रीटच्या, उघड्या. एका कोपऱ्यात गॅसची फर्नेस, म्हणजे घर गरम करायची भट्टी, दुसऱ्या बाजूला पार्टिशन घालून एक खोली काढलेली. नातू झाला म्हणून आम्ही दोघं नोव्हेंबर ते मार्च तिथं होतो. वर दोनच खोल्या, त्यातली एक बाळंतिणीची. म्हणून आमचा मुक्काम खाली.

जायच्या आधी जावयांना मीच फोनवर शहाणपण शिकवलं होतं. आमच्या आजोबांच्या घरात तळघर होतं. मे महिन्यात बाहेर ४३ असताना आम्ही पोरं दुपारी तिथं झोपायचो, आणि थंडीत तेच तळघर उबदार. म्हटलं, जमिनीच्या पोटात ऊब असते, काळजी नको. पहिल्याच रात्री कळलं की विनिपेगच्या जमिनीला हे कुणी सांगितलेलं नाही. बाहेर उणे २८. फरशीवर पाय टेकला की कळ गुडघ्यापर्यंत. पलंग भिंतीला लागून, आणि भिंत म्हणजे फ्रिजमधली पाण्याची बाटली. आमच्या हिला संधिवात.

आता सोलापूरचा माणूस थंडी म्हटल्यावर काय करणार? व्याह्यांना आणि लेकीच्या शेजाऱ्यांना द्यायला सहा चादरी नेल्या होत्या. त्यातल्या चार भिंतीवर टांगल्या, वरच्या लाकडाला खिळे मारून. लगेच फरक पडला. जावयांना म्हटलं, बघा, तुमचं हजारो डॉलरचं काम चार चादरींत झालं. महिनाभर छाती काढून फिरत होतो.

फेब्रुवारीत खोलीत कुबट वास यायला लागला. ही म्हणाली, बाळाचं दूध कुठं तरी सांडलं असेल. मी पलंग ओढला, चादर उचलली, तर मागची बाजू ओलीचिंब. भिंतीवर थेंब, त्यांचे ओघळ खाली आलेले. आणि चादरीवरच्या मोराच्या पायाशी काळे ठिपके, मोहरीएवढे, खालच्या वीतभर पट्ट्यात एकमेकांत मिसळून गेलेले. जिथं चादर नव्हती तिथली भिंत मात्र कोरडी! हेच मला उमगत नाही. पाणी बाहेरून आलं म्हणावं तर बाहेर सगळं गोठलेलं.

आता जावयांनी दोन कोटेशनं घेतलीत. एक स्प्रे फोमचं, म्हणजे भिंतीवर फवारला की फुगून घट्ट बसणारा फोम. दुसरं त्याच्या जवळपास निम्म्यात : भिंतीला लागून लाकडी चौकट, तिच्यात ग्लासवूल (काचेच्या तंतूंचा कापसासारखा थर), वरून प्लास्टिक आणि ड्रायवॉल, म्हणजे जिप्समचे बोर्ड. जावयांचा कल अर्थातच दुसऱ्याकडं. माझ्या मनात मात्र एकच शंका. ग्लासवूल म्हणजे माझी चादरच ना, फक्त जास्त जाड? नोव्हेंबरात पुन्हा जायचंय. तोवर काय करता येईल?

बाळीवेस

काका, काय करालाव तिकडं! भिंतीला चादर नेसवलात, आता पाणी टिपायला टॉवेल पण लावा. दोन्ही आपलेच.

(चेष्टा करतोय. उत्तर मलाही हवंय, माझी बहीण टोरोंटोला आहे.)

प्रेअरीतला_सांगलीकर

काका, तुमची शंका बरोबर आहे, ती जावयांना आजच सांगा. मी चौदा वर्षं मॅनिटोबात, म्हणजे विनिपेगच्याच प्रांतात आहे, आणि माझं बेसमेंट दोनदा केलंय. दोनदा का, ते पुढं येईलच.

आधी जमिनीचं. बरंच खाली गेलं की माती वर्षाच्या सरासरी तापमानाच्या आसपास राहते. सोलापूरची सरासरी २७ च्या आसपास, म्हणून आजोबांचं तळघर मे महिन्यात गार आणि डिसेंबरात उबदार. विनिपेगची सरासरी ३ अंशांच्या आसपास. म्हणजे तिथली जमीन बारा महिने घराची ऊब ओढत असते. त्यातही भिंतीचा वरचा दोन-तीन फुटांचा भाग मातीच्या वर असतो, तो थेट उणे २८ ला भिडलेला. आठ इंची काँक्रीट दिसायला दणकट, पण थंडी अडवण्यात ते एक इंच फोमच्या जेमतेम पाचव्या हिश्शाचं. नीट सांगतो : आर-व्हॅल्यू म्हणजे ऊब अडवण्याचं माप, जितकी जास्त तितकं चांगलं. त्या अख्ख्या भिंतीची जेमतेम १, आणि एक्सपीएस (थर्मोकोलसारख्या पण घट्ट, कडक) फोमच्या शीटची दर इंचाला ५.

आता चादर. खोलीत २० अंश आणि ४० टक्के आर्द्रता असेल, तर ती हवा ६ अंशांच्या खालच्या कुठल्याही पृष्ठभागावर पाणी सोडते. उघड्या भिंतीला खोलीची ऊब लागत होती, म्हणून ती कशीबशी त्याच्या वर राहिली. तुम्ही चादर टांगली, ऊब अडली, भिंत आणखी गार पडली. पण चादर वाफ अडवत नाही. वाफ सुतातून आणि कडेच्या फटीतून मागं गेली आणि तिथं पाणी झालं. चादरीनं तिचं काम चोख केलं, म्हणूनच भिंत भिजली.

ग्लासवूल थेट काँक्रीटला लावलं की हेच होतं. पुढं प्लास्टिक असलं तरी स्विचबोर्डपाशी, कोपऱ्यात, तळाशी हवा शिरतेच. मी पहिल्या वेळी तेच केलं होतं. चौथ्या वर्षी ड्रायवॉल उघडली, तर लाकडाचा खालचा आडवा दांडा नखानं उकरला जात होता.

दुसऱ्या वेळी काय केलं : काँक्रीटला एक्सपीएसची दोन इंची शीट पूर्ण चिकटवली, मागं पोकळी न ठेवता. सांधे टेपनं बंद, वरची-खालची कड डब्यातल्या फोमनं बंद. त्याच्या पुढं लाकडी चौकट, तिच्यात ग्लासवूल. आता घरातल्या हवेला गार काँक्रीट भेटतच नाही, तिला भेटतो फोम, आणि तो उबदार असतो. बंद छिद्रांचा (क्लोज्ड-सेल) स्प्रे फोमही हेच करतो, इंचाला ६ च्या आसपास, वाकड्यातिकड्या भिंतीला उत्तम. फक्त मारताना आणि नंतर सांगतील तितका वेळ बाळाला घेऊन घराबाहेर राहायचं. फोम कुठलाही असो, उघडा ठेवायचा नाही. आगीत तो वाईट जळतो, वर किमान अर्धा इंची ड्रायवॉल हवीच. पुढं आणखी प्लास्टिक लावायचं का, ते परमिट काढताना तिथल्या इन्स्पेक्टरला विचारा.

पण पैसे कमी असतील तर भिंतीच्या आधी रिम जॉइस्ट करा. काँक्रीटची भिंत संपते आणि वरच्या मजल्याचे लाकडी वासे तिच्यावर टेकतात, तिथं घराभोवती वीतभर उंचीची लाकडी पट्टी असते. तुम्ही खिळे मारलेत ते तिथंच असणार. एका पातळ फळीपलीकडं उघडं आभाळ, आणि चहूकडं फटी. उणे २५ च्या दिवशी तिथं हात धरून बघा, वारा लागतो. दोन वाशांमधल्या खणाच्या मापानं फोमचे तुकडे कापायचे, बसवायचे, कडा डब्यातल्या फोमनं भरायच्या. जावई दोन शनिवारांत करतील. माझ्याकडं पायाला लागणारा गारठा यानंच निम्मा गेला.

आणि एक विचारतो, रागावू नका. बाळाचे कपडे कुठं वाळत घालत होतात?

होटगीरोडवाली

मी सिव्हिलमध्ये आहे, सोलापुरातच. कॅनडात काम केलेलं नाही, पण ओल ही ओलच. सांगलीकरांचं पटतं, त्यात एक पायरी आधी घालते.

भिंतीच्या तळाशी लोणा फुटलाय का ते बघायला सांगा, पांढरी पावडर. असेल तर पाणी मातीतून येतंय, आणि त्यावर शीट लावणं म्हणजे जखम न धुता पट्टी बांधणं. दोन फुटांचा प्लास्टिकचा चौकोन चारही बाजूंनी टेपनं भिंतीला चिकटवून दोन दिवस ठेवा. भिंतीकडची बाजू ओली झाली तर पाणी भिंतीतून येतंय. खोलीकडची बाजू ओली झाली तर ती हवेतली वाफ. आत्ता एप्रिल आहे, तिथं बर्फ वितळत असेल, या परीक्षेला यापेक्षा चांगली वेळ नाही. छपराच्या पन्हाळीचं पाणी भिंतीपाशीच पडतं का, तेही पाहा. ते पाईप जोडून पाच-सहा फूट लांब सोडायचं, आणि घराभोवतीच्या मातीला उतार बाहेरच्या बाजूला हवा.

काका, तुमचा गोंधळ मला समजतो, कारण आपल्याकडची सगळी घरं जाडीवर चालतात. माळवदावर फूटभर माती, दगडी भिंत दोन-अडीच फूट. ती माती ऊन थांबवत नाही, उशीर करते. दुपारचं ऊन आत पोचेपर्यंत रात्र होते आणि रात्री गारवा येतो, म्हणून जमतं. विनिपेगला चार महिने गारव्याची पाळी बदलतच नाही, तिथं नुसता उशीर करून काय उपयोग? आपल्या स्लॅबला लोक आता खालून थर्मोकोल लावतात तेव्हा मी उलटं भांडते, की बाबांनो, वरून लावा, स्लॅब तापूच देऊ नका. पण तो वेगळा धागा होईल.

प्रेअरीतला_सांगलीकर

ताईंची परीक्षा आधी करा, मी विसरलोच. आणि भिंती बंद करण्याआधी रेडॉन तपासा. जमिनीतून येणारा किरणोत्सारी वायू, ना वास ना रंग, आणि मॅनिटोबात तो बऱ्याच बेसमेंटांत सापडतो. हेल्थ कॅनडाची, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्य खात्याची मर्यादा घनमीटरला २०० बेकरेल (किरणोत्साराचं माप). छोटं किट मिळतं, थंडीत तीन महिने ठेवायचं असतं. तुम्ही दोघं तिथं झोपणार, म्हणून मुद्दाम सांगतोय.

सोलापूरचा_जॉबर

सगळ्यांचे आभार. कपड्यांचा प्रश्न वाचून आमची ही स्वयंपाकघरात निघून गेली. होय, दुपटी आणि लंगोट फर्नेसशेजारी दोरीवर, रोज दोन बादल्या. वर पाहुण्यांना दिसायला नको म्हणून. शिवाय जावयांनी हिच्या खोकल्यासाठी वाफेचं यंत्र लावलं होतं. मागावर हवा कोरडी पडली की ताणा तुटतो म्हणून आयुष्यभर खात्यात पाणी मारलं मी, दमट हवा मला अंगाला कळते. आणि तिथं स्वतःच्या खोलीत कळली नाही.

जावयांनी प्लास्टिक तीन ठिकाणी चिकटवलं. दोन ठिकाणी दोन्ही बाजू कोरड्या. तिसरं, पूर्वेच्या कोपऱ्यातलं, भिंतीच्या बाजूनं ओलं. बाहेर बघितलं तर पन्हाळीचा पाईप बरोबर त्या कोपऱ्यावर, खालचा तुकडा तुटलेला. तो तुकडा त्यांनी त्याच दिवशी लावला. आता पावसाळाभर तो कोपरा बघायचा. रिम जॉइस्ट उन्हाळ्यात ते स्वतः करणार. रेडॉनचं किट ऑक्टोबरात. भिंतीचं निम्म्या पैशांचं कोटेशन रद्द, शीटचं नवीन मागवलंय.

चादरी लेकीनं गरम पाण्यात दोनदा धुतल्या, मोराच्या पायाचे डाग राहिलेच. विहीणबाईंना दोनच मिळाल्या, त्याचं ऐकून घेतलं ते वेगळं.

एक विचारायचं राहिलं. शीट चिकटवायला जावई घरातलाच गोंद वापरतो म्हणतायत, चालेल?

प्रेअरीतला_सांगलीकर

अजिबात नाही. डब्यावर फोमसाठी असं स्पष्ट लिहिलेलाच घ्या. काही गोंदांतलं सॉल्व्हंट ही शीट खातं, चिकटवलं तिथं खड्डा पडतो. आधी एका तुकड्यावर लावून रात्रभर ठेवा.