मदत हवी आहे: काळ्या जमिनीत बायोडायनॅमिकच्या शिंगखताचा (५००) अनुभव कोणाला आहे का?

नमस्कार मंडळी,

वाळवा तालुक्यात आमची सव्वादोन एकर काळी जमीन आहे. ऊस, मध्ये एखादं हळदीचं पीक, की पुन्हा ऊस. गेली चार वर्षं शेत मी बघते, त्याआधी सासरे, म्हणजे आबा बघायचे. आधी मातीची हकिगत सांगते, म्हणजे उत्तर देणाऱ्याला अंदाज येईल.

मागच्या महिन्यात खोडव्यातलं एक ढेकूळ आणि बांधावरचं एक, अशी दोन घरी आणली. आठवडाभर सावलीत वाळवली आणि चहाच्या गाळणीत ठेवून पाण्याच्या ग्लासात सोडली. शेतातलं ढेकूळ आधणाला उकळी फुटायच्या आत ढासळून तळाशी बसलं. बांधावरचं संध्याकाळपर्यंत जसंच्या तसं, आणि त्यातून गवताची केसासारखी पांढरी मुळं लोंबत होती. दोन्ही जागांत अंतर दहा पावलांचं. माती एकाच खडकाची, पाऊस एकच. फरक एवढाच की बांधाला कित्येक वर्षांत नांगर नाही, रोटाव्हेटर नाही, आणि तिथलं गवत तिथंच कुजतं. मुळांचा, बुरशीच्या धाग्यांचा, गांडुळांच्या विष्ठेचा जो चिकटा मातीचे कण धरून ठेवतो, तो बांधावर शिल्लक आहे, शेतात संपलाय.

आबा त्या ग्लासांकडे बराच वेळ बघत बसले. मग म्हणाले, "पूर्वी आपल्या रानाला तीन दिवसांत वापसा यायचा. आता वरून वाळतंय नि खाली चिखल." ते ऐकल्यापासून मला चैन नाही. माती परीक्षणात सेंद्रिय कर्ब ०.४१ टक्के आणि सामू ८.३ आलाय. पाचट जाळणं मी पहिल्याच वर्षी बंद केलं, तागही एकदा गाडला. पण आता पुढचं पाऊल हवंय, आणि म्हणून बायोडायनॅमिककडे, म्हणजे खास तयार केलेली खतं आणि चंद्राचं कॅलेंडर वापरणाऱ्या सेंद्रिय शेतीकडे वळले.

वाचलं ते थोडक्यात सांगते. या पद्धतीची सुरुवात अशी: १९२४ च्या जूनमध्ये ऑस्ट्रियन तत्त्वज्ञ रुडॉल्फ स्टायनर यांनी कोबेरविट्झला (तेव्हा जर्मनीत, आता पोलंडमध्ये) शेतकऱ्यांसमोर आठ व्याख्यानं दिली. बियाणं नासतंय, जनावरं टिकत नाहीत, जमिनीचा कस जातोय, अशी त्या शेतकऱ्यांची तक्रार होती. शंभर वर्षांपूर्वीची ती तक्रार आणि आबांची तक्रार एकच, हे वाचून मी त्यात गुंतले. भारतात हे काम पसरवण्यात न्यूझीलंडच्या पीटर प्रॉक्टर यांचा मोठा वाटा. दुभत्या गाईचं शेण शिंगात भरून दसरा-दिवाळीच्या सुमारास पुरायचं, फेब्रुवारी-मार्चमध्ये काढायचं. त्यातलं २५ ग्रॅम तेरा-पंधरा लिटर कोमट पाण्यात तासभर, एकदा उजवीकडून आणि एकदा डावीकडून भोवरा करत ढवळायचं आणि दिवस कलताना एकरभर शिंपडायचं. हे झालं ५००.

आता माझी अडचण. स्वित्झर्लंडमध्ये बासेलजवळ थेरविलला १९७८ पासून एक प्रयोग चालू आहे: बायोडायनॅमिक, सेंद्रिय आणि रासायनिक, तिन्ही शेजारी-शेजारी. २१ वर्षांचे निष्कर्ष २००२ साली आले. सेंद्रिय आणि बायोडायनॅमिक तुकड्यांत उत्पन्न सरासरी २० टक्के कमी, पण खतं आणि ऊर्जेचा वापर ३४ ते ५३ टक्क्यांनी कमी, आणि गांडुळं, सूक्ष्मजीव, मातीच्या कणांची टिकाऊ बांधणी हे सगळं जास्त. मला हे फार मोलाचं वाटतं. पण तिथं बायोडायनॅमिक तुकड्याला नीट कुजवलेलं कंपोस्टही मिळत होतं. मग श्रेय शिंगाचं की कंपोस्टचं? अमेरिकेत वॉशिंग्टन स्टेट युनिव्हर्सिटीतल्या अभ्यासात (२०००) कंपोस्टने मातीतले जीव वाढले, पण बायोडायनॅमिक कंपोस्ट आणि साधं कंपोस्ट यांत फरक सापडला नाही. माझाही कल तिकडेच आहे. तरी जी माणसं वर्षानुवर्षं हे करताहेत, त्यांची माती मी पाहिलेली नाही, म्हणून निकाल देऊन मोकळी होत नाही.

म्हणून स्वतःच करून बघायचं ठरवलंय. वीस गुंठ्यांचे दोन भाग. दोन्हीकडे सारखं कंपोस्ट, सारखं पाचट, रोटाव्हेटर बंद. एकीकडे ५००, म्हणजे दहा गुंठ्यांना साधारण ६ ग्रॅम आणि साडेतीन लिटर पाणी. दुसरीकडे तेवढंच साधं पाणी, तेही तासभर ढवळून. कुठल्या बाजूला काय पडलं ते फक्त मला ठाऊक असेल. ढेकळं पाण्यात सोडणं आणि गांडुळं मोजणं आबांकडे.

यात तुमची मदत हवी आहे:

पहिलं म्हणजे शिंग. आमची कपिला २०२२ च्या लम्पीत गेली. डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे खोल खड्ड्यात चुना टाकून पुरली, तिचं शिंग घेण्याचा प्रश्नच नव्हता. व्यालेल्या, वयाने मेलेल्या गाईचं, बुडाशी वेतांची वलयं असलेलं शिंग खात्रीने कुठे मिळतं? तयार ५०० एकीकडून मागवलं होतं. कोरडी भुकटी आली, तिला अजून शेणाचा वास होता. ते ओलसर, काळं आणि पहिल्या पावसाच्या मातीच्या वासाचं असायला हवं ना?

दुसरं, आमच्या रानाला उतार आहे आणि पाटाचं पाणी सरीतून खाली जातं. वरच्या भागातलं खालच्या भागात वाहून आलं तर प्रयोग फुकट. भाग उभे पाडू की मध्ये पाच-सहा सऱ्या मोकळ्या सोडू? दोनच भागांवर भरवसा ठेवावा, की आलटून-पालटून सहा पट्टे करावेत?

तिसरं, बायोडायनॅमिकमध्ये खड्ड्यात शेण कुजवून एक खत करतात (काऊ पॅट पिट, सीपीपी), त्यात बेसॉल्टची भुकटी घालतात. आपली काळी माती त्याच बेसॉल्टची झालेली. इथं क्रशरची भुकटी घालून काही मिळतं का, की हौदात आणखी घागर ओतल्यासारखं?

आणि पंचांगाबद्दल. आबांना वाटतं, हे आपल्या नक्षत्रांसारखंच. पण मृगाचा पाऊस आपण सूर्याच्या नक्षत्रावरून धरतो आणि बायोडायनॅमिकचं कॅलेंडर चंद्रावर चालतं. ते कोणी पाळून, न पाळून, दोन्ही करून पाहिलंय का?

तीन वर्षांहून जास्त अनुभव असेल तर कृपया नक्की लिहा, फसलेला असला तरी. तोही हवा आहे.

अपडेट: खाली एकांनी विचारलंय, ढेकूळ ढासळल्यावर पाणी गढूळ झालं का? चांगला प्रश्न, कारण दुधाळ गढूळ झालं तर सोडियमचा, म्हणजे चोपणपणाचा संशय येतो आणि मग कंपोस्टआधी त्याचा बंदोबस्त करावा लागतो. काल पुन्हा तीन ढेकळं सोडली. दोनांचं पाणी नितळ. विहिरीच्या पाण्यावर भिजणाऱ्या खालच्या कोपऱ्यातल्या ढेकळाचं मात्र सकाळपर्यंत गढूळच होतं. त्या कोपऱ्याची माती आणि विहिरीचं पाणी सोमवारी तपासायला देते. तोवर तो कोपरा प्रयोगातून वगळलाय.