स्लोन सर्व्हेच्या डेटावरून हबल स्थिरांक: आलेख एवढा सरळ का येतोय?

कृष्णाकाठ (सांगली)
बीएस्सी तिसऱ्या वर्षाच्या प्रकल्पासाठी स्लोन या आकाश-सर्वेक्षणाच्या स्कायसर्व्हर संकेतस्थळावरून ६० दीर्घिका घेतल्या आहेत. पावसाळ्यात इथे आकाश मिळत नाही, म्हणून तयार डेटा. वेग रेडशिफ्टवरून (दूर जाणाऱ्या दीर्घिकेचा प्रकाश लाल बाजूला किती सरकला त्यावरून) काढला, अंतर ऑनलाइन कॅल्क्युलेटरवरून. सगळे बिंदू एका रेषेवर, उतार म्हणजे हबल स्थिरांक ७० (दर मेगापार्सेक, म्हणजे सुमारे ३२.६ लाख प्रकाशवर्षं अंतरामागे दूर जाण्याचा वेग सेकंदाला ७० किमीने वाढतो). हे खरं मानायचं का? दुसऱ्या गटाने वर्णपटातली हायड्रोजनची एच-अल्फा रेषा स्वतः मोजली, तर त्यांचा प्रत्येक वेग सर्व्हेच्या आकड्यापेक्षा सेकंदाला ८०-९० किमी जास्त येतो. आणि मोठे सर्व्हे तर एकेका दीर्घिकेचं अंतर मोजतच नाहीत, मग त्यांना विस्तार कळतो कसा?

अजिंक्यतारा (सातारा)
मानू नका. कॅल्क्युलेटरने अंतर रेडशिफ्टवरूनच काढलंय, आणि त्यात हबल स्थिरांक ७० आधीच भरलेला होता. जे घातलं तेच बाहेर आलं. अंतर रेडशिफ्टला न विचारता मिळालं पाहिजे.

प्रकल्पापुरता सोपा मार्ग: २०-२५ दीर्घिकासमूह घ्या आणि प्रत्येकातल्या सर्वात तेजस्वी दीर्घिकेची प्रत (तेजस्वितेचं माप, आकडा मोठा तितकी मंद) वापरा, आपल्या आकाशगंगेतल्या धुळीची दुरुस्ती केलेली. या दीर्घिका मुळात साधारण सारख्याच तेजस्वी धरल्या, तर एक प्रत मंद म्हणजे अंतर १.५८५ पट. यातून रेषा सरळ आहे का ते तपासता येईल, पण उतार ७० की ५० हे सांगता येणार नाही. त्यासाठी एखादं अंतर सेफीड (तेज ठरावीक काळाने कमीजास्त होणाऱ्या) ताऱ्यांसारख्या स्वतंत्र मार्गाने माहीत हवं. बिंदू विखुरतील, विखरू द्या. समूहात दीर्घिका सेकंदाला हजारेक किमी वेगाने इकडेतिकडे फिरतात, त्यामुळे रेडशिफ्ट एकीची नको, समूहाची सरासरी घ्या. रेडशिफ्ट ०.०२ च्या खाली जाऊ नका, तिथे या फिरण्याचा वाटा मोठा ठरतो. झेडवॉर्निंग (रेडशिफ्ट खात्रीची नसल्याची सर्व्हेची खूण) शून्य नसलेल्या नोंदी सरळ गाळा.

एच-अल्फाचा घोळ ओळखीचा आहे. स्लोनचे वर्णपट निर्वातातल्या तरंगलांबीत असतात, तुमच्या गटाने पुस्तकातली हवेतली ६५६२.८ अँगस्ट्रॉम (तरंगलांबीचं एकक) घेतली असणार. ६५६४.६ घ्या. रेषा ६८९२.८ वर दिसली तर फरक ३२८.२, भागिले ६५६४.६, रेडशिफ्ट ०.०५. हवेतला आकडा घेतला की वेग ८५ किमीने फुगतो.

दंडोबा (मिरज)
तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर मोजपट्टीत आहे. विश्वाच्या सुरुवातीच्या तप्त वायूत ध्वनिलहरी पसरल्या आणि विश्व सुमारे ३.८ लाख वर्षांचं असताना जवळपास थांबल्या. त्यांनी गाठलेलं अंतर आजच्या मापात सुमारे १४७ मेगापार्सेक. तेवढ्या अंतरावर दीर्घिकांच्या जोड्या किंचित जास्त सापडतात. तासगावकडच्या द्राक्षबागेत वेलींच्या सगळ्या जोड्यांमधली अंतरं मोजली, तर लावणीचं अंतर आपोआप वर येईल, तसंच. फक्त इथे जादा जोड्या १ टक्क्याच्या आसपास, म्हणून लाखो दीर्घिका लागतात. २००५ मध्ये स्लोनच्या ४६,७४८ लाल दीर्घिकांत जादा जोड्यांचा हा आलेखातला उंचवटा पहिल्यांदा स्पष्ट दिसला.

आता रेडशिफ्ट ०.५ घ्या. आकाशात आडवी पाहिली तर ही पट्टी साधारण ४.३ अंश भरते, म्हणजे आठ-नऊ पूर्णचंद्र शेजारी शेजारी. यातून अंतर मिळतं. दृष्टिरेषेत तीच पट्टी रेडशिफ्टमधला ०.०४४ चा फरक म्हणून दिसते. प्रकाशाचा वेग गुणिले ०.०४४ भागिले १४७ केलं की त्या काळचा विस्तारवेग मिळतो: सुमारे ९० किमी प्रतिसेकंद प्रतिमेगापार्सेक. मला या सगळ्यात सर्वात सुंदर वाटतं ते हेच. मात्र १४७ हा आकडा विश्वाच्या बाल्यावस्थेच्या भौतिकीतून येतो. तो बाजूला ठेवला तर फक्त विस्तारवेग आणि पट्टी यांचा गुणाकार हाती राहतो.

कृष्णाकाठ (सांगली)
कॅल्क्युलेटर बंद केला, ६५६४.६ घेतल्यावर वेगही जुळले. हा उंचवटा मुलांना काढता येईल का? फोटोमेट्रिक रेडशिफ्ट (वर्णपटाऐवजी फक्त रंगांवरून अंदाजलेली) असलेल्या दीर्घिका तर भरपूर मिळतात.

दंडोबा (मिरज)
फोटोमेट्रिक नको. त्यांची चूक ०.०२ धरली तरी रेडशिफ्ट ०.५ ला दृष्टिरेषेत ती ६५ मेगापार्सेकपेक्षा जास्त भरते, उंचवटा पुसला जातो. स्लोनच्याच बॉस सर्व्हेचा बाराव्या प्रकाशनातला सीमास हा दीर्घिकांचा नमुना घ्या, रेडशिफ्ट ०.४३ ते ०.७. सोबत यादृच्छिक (कसेही विखुरलेल्या) बिंदूंची यादीही मिळते आणि ती अत्यावश्यक आहे. सर्व्हेच्या हद्दी, तेजस्वी ताऱ्यांमुळे पडलेली भोकं, सगळं तिच्यात तसंच असतं. तुम्ही स्वतः बिंदू टाकले आणि हद्द चुकली, तर हद्दीचाच आकार उंचवटा म्हणून दिसेल.

प्रत्येक अंतरासाठी जोड्या मोजा; खऱ्या-खऱ्या दीर्घिकांच्या जोड्यांतून खऱ्या-यादृच्छिकच्या दुप्पट वजा करा, यादृच्छिक-यादृच्छिक मिळवा, आणि शेवटच्यानेच भागा. आधी प्रत्येक गणना आपापल्या एकूण जोड्यांनी भागून घ्यायची, हे हमखास विसरलं जातं. यादीतली वजनंही लावा: ६२ आर्कसेकंदांपेक्षा जवळच्या दोन दीर्घिकांवर एकाच वेळी दोन फायबर (प्रकाश वर्णपटमापकाकडे नेणाऱ्या तारा) बसत नाहीत, एक सुटते. जोड्या मोजायला पायथनमधलं कॉर्फंक हे पॅकेज वापरा. साधं दुहेरी लूप लाखो दीर्घिकांवर संपणार नाही.

अजिंक्यतारा (सातारा)
आकाशाचा छोटा तुकडा कापून घेऊ नका. पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संशोधन केंद्रातल्या शास्त्रज्ञांनी २०१७ मध्ये स्लोनच्याच डेटात शोधलेला सरस्वती हा दीर्घिकांचा महासमूह ६० कोटी प्रकाशवर्षं पसरलाय, आपली पट्टी ४८ कोटी. असा एक महासमूह तुकड्यात आला की पूर्ण आलेख तिकडे झुकतो.